इटलीत जेवायला बसताना: उद्यमबागेतून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, इटलीचं मशीन येणार म्हटलं की दोन-तीन जणांची नावं निघतात. मशीन बोटीवर चढण्याआधी तिकडंच चालवून बघायचं, जॉब काढून मोजायचा आणि सही करून परत यायचं. व्हिसा, तिकीट, थर्मल बनियन याबद्दल सांगणारे दहा भेटतात. संध्याकाळी काम संपल्यावर पोटाचं काय करायचं, ते कुणी सांगत नाही.

माझ्या चार फेऱ्या झाल्या, सगळ्या उत्तर इटलीत ब्रेश्शाच्या आसपास. पहिल्या फेरीत आम्ही तिघं होतो. एक मी, पुढ्यात येईल ते खाणारा. दुसरे खानापूर तालुक्यातले आमचे फिटर, पक्के माळकरी. सगळं शॉप त्यांना मामा म्हणतं. तिसरा निपाणीकडचा जैन पोरगा, कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य आणि शक्यतो सूर्यास्ताच्या आत जेवणारा. या तिघांना एका टेबलावर जेवू घालता घालता जे कळलं ते पुढं लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मग बाकीचं सोपं जातं. आपल्याकडे गर्दीच्या वेळी शेवटचा घास तोंडात असतानाच सप्लायर फडकं घेऊन येतो, मागं खुर्ची धरून दुसरं कुटुंब उभंच असतं. घरी कुणी बोलावलं तर त्याच्या उलट, आग्रह करून करून जीव नकोसा करतात. इटलीत घाई नाही आणि आग्रहही नाही. एकदा बसलात की टेबल तुमचं. मागाल ते येईल, न मागाल ते येणार नाही. बिलसुद्धा.

पायरी 1: घड्याळ बघून निघा

दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच. रात्रीचं साडेसातच्या पुढं. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद असतं, आणि 'बंद' म्हणजे बंद. पहिल्या दिवशी आम्ही सहा वाजता एका ठिकाणी जाऊन उभे राहिलो. दार उघडं, आत दिवे लागलेले, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर तिथलेच लोक स्वतः जेवत बसलेले. एकानं घड्याळावर बोट ठेवून सात आणि अर्धा दाखवलं. आपल्याकडे निदान 'बसा की ओ, चहा घ्या' तरी म्हणाले असते.

आठवड्याची सुट्टी बऱ्याच ठिकाणी सोमवारी असते, दारावर पाटी लावलेली असते. ऑगस्टमध्ये, विशेषतः 15 तारखेच्या आगेमागे, अर्धं गाव कुलूप लावून समुद्राकडं जातं. त्या दिवसांत कारखानेही बंद असतात, त्यामुळं तुमची फेरी तेव्हा निघायची शक्यता कमीच.

सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांसाठी ऋतू महत्त्वाचा. जूनमध्ये ब्रेश्शाकडे सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो, म्हणजे पावणेआठला बसलात तरी आरामात जमतं. आमचा पोरगा त्या फेरीत भलताच खूश होता. डिसेंबरमध्ये मात्र पावणेपाचच्या आतच सूर्य मावळतो आणि तेव्हा कुठलंच स्वयंपाकघर चालू नसतं. मग मुख्य जेवण दुपारी करायचं आणि चार वाजता सुपरमार्केटमधली फळं, ब्रेड, सुका मेवा यावर दिवस मिटवायचा.

पायरी 2: पाटी वाचा

'बार' ही पाटी बघून मामा दोन दिवस बाहेर फुटपाथवर थांबले. आम्ही आत कॉफी घ्यायचो, ते गळ्यातली माळ चाचपत बाहेर उभे. तिसऱ्या दिवशी शाळेच्या दप्तरासकट दोन पोरं आणि त्यांची आजी त्याच बारमधून बाहेर पडताना दिसली, तेव्हा कुठं ते आत आले. तर ध्यानात ठेवा, इटलीतला बार म्हणजे मुख्यतः कॉफीचं दुकान. सकाळी कॉफी, गोड पाव, दुपारी सँडविच. दारू मिळते, खरं बसलेले लोक कॉफीच पीत असतात.

बाकी पाट्या: पित्झेरिया म्हणजे पिझ्झाची जागा, बरीचशी रात्रीच उघडणारी. त्रात्तोरिया आणि ओस्तेरिया म्हणजे घरगुती वळणाची, आपल्या चांगल्या खानावळीच्या जवळ जाणारी. रिस्तोरान्ते त्याहून जरा टापटीप आणि महाग. हे भेद आता फार काटेकोर राहिलेले नाहीत. बाहेर लावलेली दरांची यादी बघून आत जा, पाटीवरून अंदाज बांधू नका.

कारखान्यांच्या भागात एक खास सोय असते: 'प्रान्झो दी लावोरो', कामगारांचं दुपारचं जेवण. ठरलेल्या पैशांत, साधारण 12 ते 15 युरोत, एक पास्ता, एक मांसाचा किंवा दुसरा पदार्थ, भाजी, पाणी आणि शेवटी कॉफी. ट्रकवाले, वेल्डर, ऑफिसातले साहेब सगळे एकाच हॉलमध्ये. आम्हाला सगळ्यात चांगलं जेवण तिथंच मिळालं, चार मेणबत्त्या लावलेल्या ठिकाणी नव्हे.

पायरी 3: दारात थांबा

रिकामं टेबल दिसलं की जाऊन बसायचं, ही आपली सवय इथंच सोडा. दारात थांबायचं, दिवसा 'बुओनजोर्नो', संध्याकाळी 'बुओनासेरा' म्हणायचं. न बोलता आत शिरलेला माणूस त्यांना उद्धट वाटतो. मग 'उन तावोलो पेर त्रे', तिघांसाठी टेबल. दोघं असाल तर 'पेर दुए', चौघं असाल तर 'पेर क्वात्रो'. शुक्रवार-शनिवारी रात्री आधी फोन करून ठेवलेला बरा. हॉटेलच्या रिसेप्शनवरची बाई आनंदानं करते.

बसल्यावर ब्रेडची टोपली येते. लोणी नाही, चटणी नाही, नुसता ब्रेड. त्याचे पैसे तुम्ही मागितले नसले तरी लागतात, त्याला 'कोपेर्तो' म्हणतात. माणशी साधारण दीड ते तीन युरो, मेनूवर छापलेले असतात. फसवणूक नाही ती. टेबल, कापड, काटे-चमचे आणि बसण्याचा तो आकार. 'ब्रेड नको, कोपेर्तो कमी करा' हा प्रयोग आमच्यातल्या एकानं करून पाहिला. होत नाही.

पाणीही विकतच. 'आक्वा नातुराले' म्हणजे साधं, 'फ्रिझ्झान्ते' म्हणजे सोड्यासारखं बुडबुड्यांचं. नुसतं 'आक्वा' म्हणालात तर कुठलं ते विचारतील. न समजता मान हलवलीत की सोडा येतो. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, खरं टेबलावर मागितलं तर कुणी देतं, कुणी नाक मुरडतं.

पायरी 4: मेनू म्हणजे थाळी नव्हे, रांग आहे

आपण सगळं एका ताटात वाढून घेतो आणि कुठल्या घासाला काय लावायचं ते आपलं आपण ठरवतो. तिकडं पदार्थ एकामागून एक येतात. आधी 'आन्तीपास्तो', तोंडी लावण्यासारखं काहीतरी. मग 'प्रीमो': पास्ता, रिसोत्तो म्हणजे त्यांचा मऊ भात, सूप. मग 'सेकोन्दो': मांस किंवा मासा. त्याच्या जोडीला 'कोन्तोर्नो' म्हणजे भाजी किंवा सॅलड, तेही वेगळं मागवायचं. शेवटी 'दोल्चे', गोड.

नवा माणूस हे बघून घाबरतो आणि पाचही मागवतो, किंवा घाबरून काहीच मागवत नाही. पाचही घ्यायची सक्ती नाही. नुसता प्रीमो आणि एक कोन्तोर्नो घेऊन उठलात तर कुणी भुवई उंचावत नाही. पिझ्झा घेतला तर तो एकटाच पुरे.

भाजी आणि पास्ता एकदम हवं असेल तर सांगावं लागतं: 'तुत्तो इन्सिएमे', सगळं एकत्र. नाहीतर पास्ता संपेपर्यंत भाजी येत नाही आणि भाजी येईपर्यंत भूक मेलेली असते. मामांचं पहिल्या आठवड्यात रोज असंच व्हायचं. "आमटी आदी आणि भात मागनं आणून दिल्यागत करालेत की ओ हे," म्हणायचे.

'बाय टू'ची, म्हणजे एकच मागवून दोघांत वाटून घ्यायची, सवय असेल तर दोघांत एक आन्तीपास्तो चालतो, गोडही चालतं. पिझ्झा मात्र माणशी एक अख्खा, असा तिथला रिवाज. तो पातळ असतो, संपतो. दोघांत एकच पिझ्झा मागवलात तर देतील, चेहरा जरा पडेल एवढंच. रिसोत्तोचं उलटं: मेनूवर त्यापुढं बऱ्याचदा 'किमान दोन माणसं' असं लिहिलेलं असतं, कारण तो ऑर्डर आल्यावर पहिल्यापासून शिजवतात. पंधरा-वीस मिनिटं धरून चला.

मेनू वाचण्याबाबत आपल्याला एक फायदा आहे. इटालियन जसं लिहितात तसं बोलतात, आणि जोडाक्षरं आपल्यासारखीच ठासून म्हणतात. दोन-तीन नियम पुरे. सी आणि एच एकत्र आले की 'क', म्हणून ब्रुस्केत्ता, 'ब्रुशेटा' नव्हे. सीच्या पुढं ई किंवा आय आला की 'च'. जी आणि एन जवळ आले की 'न्य', म्हणून बटाट्याचे ते गोळे 'न्योक्की'. देवनागरीत लिहून घ्या आणि तसंच वाचा, वेटर हसणार नाही.

पदार्थाच्या नावापुढं चांदणी असेल तर तो माल फ्रीझरमधला आहे. नावापुढं छोटे आकडे असतील तर ते अॅलर्जीचे. युरोपात 14 प्रकारच्या अॅलर्जीकारक वस्तूंची माहिती देणं हॉटेलांना बंधनकारक आहे. शेंगदाणा, दूध, अंडं, मासा हे सगळं त्यात येतं. शेवटच्या पानावर आकड्यांचा तक्ता असतो. आमच्या जैन पोरानं अंडं टाळायला त्याचाच उपयोग केला.

पायरी 5: शाकाहारी असाल तर हे दोनदा वाचा

'सोनो वेजेतारियानो', बाई असाल तर 'वेजेतारियाना'. एवढ्यावर थांबू नका. इटालियन माणूस हे प्रामाणिकपणे समजून घेतो, खरं त्याची व्याख्या आपली नाही. तुकडा दिसत नसला की त्याच्या लेखी ते शाकाहारी. म्हणून पुढं जोडा: 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे', मांस नको, मासा नको.

सगळ्यात मोठा सापळा रश्शाचा. रिसोत्तो आणि सूप मांसाच्या रश्श्यात शिजवलेले असू शकतात. विचारा: 'ब्रोदो वेजेताले?' म्हणजे भाज्यांचाच रस्सा ना? पिवळा धमक रिसोत्तो मिलानचा, त्याला केशर असतं म्हणून आपण भुलतो. जुन्या पद्धतीत त्यात हाडाचा मगजही पडतो. भाज्यांचं मिनेस्त्रोने सूप निर्धास्त वाटतं, त्यातही डुकराच्या चरबीचे बारके तुकडे असू शकतात.

दुसरा सापळा चीजचा. पार्मिज्यानो रेज्यानो हे प्रसिद्ध चीज करताना दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. ते इच्छेवर नाही, नियमातच आहे. ग्राना पादानोही तसंच, आणि पेकोरिनो रोमानोला कोकराचं. इटालियनमध्ये या रेनेटला 'काल्यो' म्हणतात. आपल्याकडच्या पाकिटावर हिरवा ठिपका शोधायची सवय असते, तिकडं तसला ठिपका नाही. गंमत अशी की पो नदीच्या खोऱ्यातल्या ज्या गोठ्यांतून हे दूध येतं, तिथं गाईंची देखभाल करणाऱ्यांत पंजाबी माणसं मोठ्या संख्येनं आहेत. मामांना हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "दूध बरं हाय की मग. चीज नको." तर 'सेन्झा फोर्माज्जो' हे शब्द पाठ करा. हिरवागार पेस्तो सॉस दिसायला कोथिंबिरीची चटणी, आत हेच चीज.

तिसरा सापळा नावांचा. 'पेपेरोनी' म्हणजे ढोबळी मिरची. आपल्याकडच्या पिझ्झा दुकानांत त्या नावाचा अर्थ मांस, म्हणून घाबरून सोडू नका. उलट 'क्वात्रो स्ताज्योनी', 'काप्रिचोजा' ही नावं निरागस वाटतात आणि वर हॅम असतं. 'पुत्तानेस्का'त अँचोवी मासा. 'मारीनारा' पिझ्झा म्हटल्यावर समुद्र आठवतो, त्यात मात्र फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीजही नाही. मामांचा तोच ठरून गेला.

अंडं चालत नसेल तर: सुका पास्ता, म्हणजे स्पागेत्ती, पेन्ने वगैरे, सहसा गव्हाचा रवा आणि पाण्याचा. ताजा पास्ता, ताल्यातेल्ले, रावियोली, लाझान्ये, यात उत्तरेत अंडं धरूनच चाला. ब्रेश्शाकडचा 'काझोन्चेल्ली' हा करंजीसारखा भरलेला पास्ता, आत बहुतेक मांस. गोडात, तिरामिसूत कच्चं अंडं असतं, पान्ना कोत्तात जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं.

आता काय खाता येतं ते. पेन्ने आर्राब्याता: टोमॅटो, लसूण, लाल मिरची. स्पागेत्ती आल्यो-ओल्यो: लसूण, तेल, मिरची, दहा मिनिटांत येतं. भाजलेल्या भाज्या, 'वेर्दूरे ग्रिल्याते', जवळपास सगळीकडं. पोलेन्ता हा मक्याच्या भरडीचा घट्ट गोळा ब्रेश्शा-बेर्गामोचं मुख्य अन्न; तो मांसाच्या ताटात येतो, पण नुसता किंवा मशरूमबरोबर मागता येतो. एका रविवारी जेनोआला गेलो तेव्हा 'फारिनाता' मिळाली. भट्टीतून तांब्याचं परातीएवढं भांडं बाहेर आलं, त्यात वरून खरपूस, आतून मऊ असं पिवळं काहीतरी. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बास. मामांनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पिठल्याच्या वड्या की रे ह्या!" तीन आठवड्यांत त्यांनी पहिल्यांदा दुसऱ्यांदा मागितलं.

आणि 'फार्रो' शब्द दिसला तर थांबा. इटलीत त्या नावानं बहुतेक जो गहू विकतात तो म्हणजे आपला खपली. आपल्याकडे खपलीची खीर होते, तिकडं तोस्कानात त्याचं डाळी-कडधान्य घालून दाट सूप करतात. त्यात चरबी नाही ना, हे विचारूनच घ्या.

जैन असाल तर तोंडी सांगण्याच्या भानगडीत पडू नका, चिठ्ठी करा. आमच्या पोरानं रिसेप्शनवरच्या बाईकडून एका कार्डावर इटालियनमध्ये लिहून घेतलं होतं: मांस, मासा, अंडं, लसूण, कांदा, बटाटा नको. शब्द असे: 'सेन्झा उओवा, सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला, सेन्झा पाताते'. वेटर ते कार्ड थेट आत नेई आणि आतून आचारी डोकावून बघे. मग बाहेर येई तो साधा टोमॅटोचा पास्ता किंवा मोझ्झारेल्ला वगळून भाज्या घातलेला पिझ्झा. पिझ्झाचा टोमॅटो तिकडं बहुतेक ठिकाणी नुसता कुस्करून मीठ घातलेला असतो, कांदा-लसणाची फोडणी नसते, हे त्याचं नशीब.

पायरी 6: माशाचा दर शंभर ग्रॅमचा असतो

हे मी स्वतः भोगलंय. गार्दा तळ्याच्या काठी एका ठिकाणी मेनूवर मासा दिसला, पुढं आकडा 6. सहा युरोत अख्खा मासा! मालवण-कारवारची आठवण काढत मी मागवला. वेटरनं ताटात घालून कच्चा मासा दाखवायला आणला, मी राजासारखी मान हलवली. बिल आलं तेव्हा माशाच्या ओळीत 48 होते. सहा युरो 'एत्तो'चे होते, म्हणजे शंभर ग्रॅमचे, आणि मासा आठशे ग्रॅमचा. मेनूवर ते बारीक अक्षरात होतंच. मासा आणि मोठ्या बीफ स्टेकच्या बाबतीत आकड्यापुढं 'एत्तो' आहे का ते बघा, आणि वेटर मासा दाखवायला आणतो तेव्हाच वजन आणि किंमत विचारा. दाखवतो ते त्यासाठीच.

जे बीफ किंवा डुक्कर खात नाहीत त्यांनी एवढे शब्द जवळ ठेवावेत: 'मान्झो' आणि 'व्हितेल्लो' म्हणजे गाय-वासराचं, 'माइयाले' म्हणजे डुकराचं, 'पोल्लो' कोंबडी, 'आन्येल्लो' कोकरू. प्रोश्युत्तो, स्पेक, पान्चेत्ता हे सगळे डुकराचे भाऊबंद. ब्रेसाओला बहुतेक बीफ.

पायरी 7: खाताना

पिझ्झा भट्टीजवळच्या टेबलावरून बघण्यासारखा असतो. माणूस पिठाचा गोळा घेतो, लाटणं नाही, बोटांनी कडा सोडून मधला भाग पसरवतो, मग एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकत ताणतो. मी आणि मामा एकमेकांकडं बघायला लागलो. लग्नघरात मांडे करणारी बाई उलट्या कढईवर टाकण्याआधी अगदी असाच मांडा हातावर ताणते. नेपल्सच्या पिझ्झावाल्यांच्या या कलेला युनेस्कोनं 2017 मध्ये आपल्या यादीत घेतलं. आमच्या मांडेवालीचं नाव गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नसतं.

पिझ्झा बऱ्याचदा न कापता येतो. सुरी-काट्यानं कापायचा, मग तुकडा हातानं उचलला तरी चालतं. ओरेगानो-चिली फ्लेक्सच्या पुड्या आणि केचप मिळत नाहीत, मागूही नका. तिखट हवं असेल तर 'ओल्यो पिकान्ते' मागा, मिरच्या मुरवलेलं तेल. संकेश्वरी मिरचीवर वाढलेल्या जिभेला ते पोरखेळ वाटेल, खरं काही नसण्यापेक्षा बरं.

स्पागेत्ती सुरीनं तोडू नये. काट्याला तीन-चारच धागे घ्यायचे, काटा ताटाच्या कडेला टेकवून फिरवायचा. जास्त धागे घेतले की चेंडू होतो आणि तोंडात मावत नाही. सगळी चूक तिथंच होते. पास्ता दाताला जरा लागतो. तो कच्चा नाही, तसाच हवा असतो, परत पाठवू नका.

माशाच्या पास्त्यावर चीज मागितलं तर वेटरला दुःख होतं. ताटातला उरलेला सॉस ब्रेडच्या तुकड्यानं पुसून खायला मात्र त्यांच्याकडे चक्क नाव आहे, 'स्कार्पेत्ता', आणि घरगुती ठिकाणी ते खुशाल चालतं. भाकरीनं ताट निपटणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको.

खाणं झालं की सुरी-काटा ताटात शेजारी शेजारी ठेवा. आडवेतिडवे ठेवलेत तर अजून जेवताय असं समजून ते ताट उचलत नाहीत, आणि पुढचा पदार्थही येत नाही.

पायरी 8: कॉफी

काप्पुचिनो सकाळचा. रात्रीच्या जेवणावर मागितलात तर देतात, खरं त्यांच्या डोळ्यांना ते जेवणावर दूध-पोहे खाल्ल्यासारखं दिसतं. जेवणानंतर 'उन काफ्फे' म्हणायचं. येते ती दोन घोटांची कडू एस्प्रेसो.

बारमध्ये काउंटरशी उभं राहून प्यायलात तर स्वस्त, टेबलावर बसलात तर दर वाढू शकतो. काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे देऊन चिठ्ठी घ्यायची आणि ती काउंटरवर दाखवायची, आपण टोकन घेऊन उभ्यानं इडली खातो त्यातलाच प्रकार. आणि 'लात्ते' म्हणजे नुसतं दूध. आमच्या शेजारच्या टेबलावरचा परदेशी पाहुणा कॉफी समजून ते मागवून चिडला होता. मामांनी ते बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज रात्री 'लात्ते, काल्दो' म्हणून गरम दूध मागवायला लागले. आमच्या तिघांत पहिल्यांदा इटालियनमध्ये ऑर्डर दिली ती त्यांनी.

पायरी 9: बिल मागा, वाचा, जपा

तुम्ही मागितल्याशिवाय बिल येणार नाही. पहिल्या रात्री आम्ही पाऊण तास त्याची वाट बघत बसलो, आणि तो बहुतेक आमच्या उठण्याची. न मागता आणणं म्हणजे 'चला उठा' म्हटल्यासारखं, म्हणून ते आणत नाहीत. हात जरा वर करून 'इल कोन्तो, पेर फावोरे' म्हणा. काही घरगुती ठिकाणी उठून गल्ल्यावरच पैसे द्यायचे असतात.

दोघांच्या साध्या जेवणाचं बिल असं दिसतं: कोपेर्तो दोघांचे 5,00, पाणी 3,00, पेन्ने आर्राब्याता 10,00, मार्गेरीता पिझ्झा 8,00, भाजलेल्या भाज्या 6,00, दोन कॉफी 3,00. एकूण 35,00. तो स्वल्पविराम म्हणजे आपला दशांश बिंदू. आमच्या पोरानं पहिल्यांदा ते तीन हजार पाचशे असं वाचलं आणि त्याच्या कपाळावर घाम आला. कर आकड्यातच धरलेला असतो, खाली जीएसटीसारखा वेगळा जोडत नाहीत. 'सेर्व्हित्सिओ' नावाची ओळ काही ठिकाणी असते, तीही मेनूवर आधी लिहिलेली हवी. टीप द्यायची सक्ती नाही. जेवण आवडलं तर वरची चिल्लर ठेवा. पिझ्झा उरला तर 'दा पोर्तारे व्हिया' म्हणा, खोक्यात घालून देतात.

निघताना छापील पावती, 'स्कोन्त्रीनो', घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. कंपनीकडून पैसे परत घ्यायचे असतील तर ती लागतेच, आणि त्याच रात्री तिचा फोटो काढा. ती थर्मल कागदाची असते. माझ्या पहिल्या फेरीतल्या अकरा पावत्या मी पाकिटात नीट घडी घालून आणल्या होत्या. महिन्यानं अकाउंट्समध्ये टेबलावर मांडल्या तेव्हा त्यातल्या सात कोऱ्या पांढऱ्या झालेल्या. एकीवर फक्त 48 तेवढा शाबूत होता, आणि अकाउंटंटनं नेमकं तेच विचारलं: "एवढ्याचं काय खाल्लासा ओ?"